जीपगाडीला रिव्हर्स कॅमेरा बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, गुरखा, जिम्नी, जुनी जिप्सी, बोलेरो अशा गाड्यांना बाहेरून कॅमेरा घेऊन बसवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. शहरातल्या कारला बसवायची रीत इथे अर्धीच चालते. या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते, काहींचं छप्पर निघतं, आणि गाडी गगनबावड्याचा पाऊस, पाणंदीतला चिखल आणि घरी आल्यावर प्रेशर वॉश असं सगळं खाते.

मागे सेन्सर आहेतच. मग कॅमेरा कशाला?

१ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत ते असणारच. पण सेन्सर आवाजाच्या लहरींवर चालतो. पाणंदीत दोन्ही बाजूंनी उसाचा पाला गाडीला घासत असेल तर तो अखंड टीटी करत राहतो, म्हणजे असून नसल्यासारखा. वर चिखलाचा थर बसला की एकतर ओरडतच राहतो, नाहीतर एकदम गप्प होतो. शिवाय त्याला उभी वस्तू कळते. चर, पाटाची कड, ढासळलेला बांध कळत नाही. पाणंदीत समोरून उसाची ट्रॉली आली की मागे आपल्यालाच यावं लागतं, ट्रॉलीवाला काही येणार नाही. अशा वेळी मागचं चाक कडेपासून किती लांब आहे हे दिसायला हवं, आणि स्टेपनीने तर काचेचा निम्मा भाग अडवलेला असतो. सेन्सर काढू नका, दोन्ही असू द्या.

कॅमेरा घेताना काय बघायचं?

मेगापिक्सेलचा आकडा शेवटी बघा. आधी तुमची स्क्रीन कोणता सिग्नल घेते ते बघा. जुन्या आणि स्वस्त स्क्रीन साधा अॅनालॉग सिग्नल घेतात, त्याला सीव्हीबीएस म्हणतात. आता मिळणारे बरेच कॅमेरे एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा सिग्नल देणारे असतात, ७२०पी किंवा १०८०पी. दोन्हींची पिवळी पिन एकसारखीच, त्यामुळे जोड बसतो पण चित्र येत नाही: स्क्रीन काळी राहते किंवा आडव्या रेषा धावतात. मग दुकानदार म्हणतो स्क्रीन खराब, स्क्रीनवाला म्हणतो कॅमेरा खराब. अँड्रॉइड स्क्रीनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार आणि २५ की ३० फ्रेम हे निवडता येतं. ते कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशी जुळवा. कंपनीने बसवलेल्या मूळ स्क्रीनला बाहेरचा कॅमेरा घेता येतो का, हे खरेदीच्या आधीच विचारून घ्या. काही स्क्रीनमध्ये ती सोय बंद ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट पाण्यापासूनचं संरक्षण. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल. आयपी ६९के म्हणजे गरम पाण्याचा जवळून मारलेला जोराचा फवाराही सोसेल. चिखलातली गाडी पाण्यात बुडते कमी आणि फवाऱ्याखाली जाते जास्त, म्हणून मिळाला तर ६९के घ्या. मात्र हा आकडा कॅमेऱ्याच्या डबीचा असतो, त्याच्या वायरच्या जोडाचा नसतो. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

तिसरी गोष्ट, खोक्यावरचा ‘१७० अंश’ हा आकडा. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. आडवा कोन बराच कमी भरतो, १२० ते १३० अंश असला तरी भरपूर झाला. त्याहून रुंद भिंगात कडा वाकतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

बसवायचा कुठे?

तीन जागा आहेत, आणि सगळ्या गाडीला ‘नंबरप्लेटवर’ हे एकच उत्तर चालत नाही.

नंबरप्लेटजवळ बसवला तर तिथे दिवा असतो आणि वायर जवळ पडते. पण बऱ्याच गाड्यांत ही जागा बंपरवर, खाली असते. चाकांनी उडवलेला चिखल पहिला तिथेच बसतो, आणि चढावरून उतरताना बंपर घासला तर कॅमेराही घासतो. नव्या थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते, गुरखाची ७०० मिमी. तेवढ्या पाण्यात ही जागा बुडते.

छपराच्या कडेला, वर बसवला तर चिखल लागत नाही आणि मागचा पसारा छान दिसतो, पण सॉफ्ट टॉप किंवा निघणारं हार्ड टॉप असेल तर दरवेळी वायर सोडवावी लागते. शिवाय स्टेपनीच दृश्याच्या मध्ये येते.

आमची पसंती स्टेपनीच्या मध्याला. रिमच्या मधल्या भोकातून भिंग बाहेर डोकावतं. उंची साधारण ९० ते १०० सेंमी मिळते, चिखल कमी, आणि टायरच बंपरसारखा त्याला राखतो. फक्त खोली नीट साधली पाहिजे. भिंग टायरच्या सगळ्यात बाहेरच्या पातळीच्या थोडं आत हवं, नाहीतर झुडपात किंवा भिंतीला टेकताना पहिला मार त्यालाच. फार आत गेलं तर स्क्रीनच्या चारही कडांना टायरचं काळं कडं दिसतं. हिशेब सोपा आहे: १६ इंची रिमची त्रिज्या सुमारे २० सेंमी, कॅमेऱ्याचा आडवा कोन १३० अंश असेल तर ९ सेंमीपर्यंत आत चालतो, त्यापुढे कडं दिसू लागतं. प्रत्यक्षात २ ते ४ सेंमी आत ठेवा. पुढे मोठे, रुंद टायर घालायचा विचार असेल तर ब्रॅकेटला खोली बदलता येईल असा खाचा ठेवा. कंपनीच्या मूळ टायरच्या मापाने पक्कं वेल्ड करून घेतलेलं ब्रॅकेट नंतर फुकट जातं.

भिंगाची मान खाली ३० अंशांच्या आसपास. स्क्रीनच्या तळाशी बंपरची बोटभर कड दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर गाडी संपते कुठे हेच कळत नाही.

ब्रॅकेट कसं करून घ्यायचं?

ऑनलाइन तयार मिळतात, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा कापून-वाकवून मिळतोच, तर स्वतःच्या रिमच्या मापाने करून घेणं बरं. २ मिमी स्टेनलेस किंवा ३ मिमी लोखंडी पट्टी पुरते. लोखंड असेल तर पावडर कोटिंग करून घ्या, नुसता काळा स्प्रे एका पावसाळ्यात फुगतो. पट्टी स्टेपनीच्या नटांखाली जाते, त्यामुळे भोकांचं अंतर रिमवरून कागदावर छापून न्या, अंदाजाने सांगू नका. पट्टीमुळे नटाला मिळणारी आट्यांची लांबी कमी होते; नट पूर्ण बसत नसेल तर पट्टी रिमच्या मागे, स्टेपनीच्या कॅरियरवर घ्या. स्टेपनी रस्त्यात सुटली तर कॅमेरा ही शेवटची काळजी असेल.

कॅमेऱ्याचे स्क्रू बारीक असतात. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा) किंवा निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) वापरा. दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा नको: दाजीपूरकडचा खडबडीत रस्ता आणि मे महिन्याचं ऊन, दोन्हींत ती सुटते.

पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढावी लागणारच. म्हणून कॅमेऱ्याच्या वायरला ब्रॅकेटपाशी पाणी न शिरणारा कपलर हवा. हात घालून सुटला पाहिजे, कात्री लागता कामा नये.

वायर कुठून न्यायची?

कॅमेऱ्याबरोबर सहसा ६ मीटरची व्हिडिओ वायर येते. तीन दारी गाडीला ती पुरते. पाच दारी गुरखा किंवा बोलेरोला १० मीटरची घ्या. मध्ये जोड देऊन वाढवू नका.

मागच्या दारातून बॉडीत जाताना बिजागरीच्या बाजूला कंपनीची रबरी नळी असते, मूळ वायर त्यातूनच जातात. आपली वायरही तिथूनच. सायकलच्या ब्रेकची तार किंवा कडक गॅल्व्हनाइज्ड तार आधी आरपार घाला, तिच्या टोकाला वायर टेपने बांधा, थोडा साबण लावून ओढा. दार पूर्ण उघडून बघा: वायर ताणली जात असेल तर दहा-बारा सेंमी जास्त सोडा. दाराच्या फटीतून वायर काढून रबर बीडिंगखाली दाबणारे खूप आहेत. तीन-चार महिने चालते, मग आतली बारीक तार तुटते, आणि दार एका विशिष्ट कोनात असतानाच चित्र येतं.

आतून पुढे येताना छपराखालून आणू नका, खालून, बॉडीच्या कडेच्या प्लास्टिक पट्टीखालून आणा. जुन्या उघड्या जीपला आतून जागाच नसेल तर चासीवरून न्यावी लागते. तिथे वळीदार प्लास्टिक नळी घाला, दर ३० सेंमीवर टाय लावा, सायलेन्सरपासून किमान १५ सेंमी लांब ठेवा आणि फिरणाऱ्या शाफ्टच्या जवळपासही आणू नका. पिवळ्या पिनचा जोड मात्र कुठल्याही परिस्थितीत केबिनच्या आत. ती पिन पाण्यासाठी बनलेलीच नाही.

पत्र्याला नवं भोक पाडलंत तर कडा कानशीने घासा, झिंक प्रायमर लावा, वर रंग, आणि मग रबरी ग्रोमेट. प्रायमर टाळला तर पुढच्या पावसाळ्यात भोकाभोवती तांबूस कडं दिसेल.

वीज कुठून घ्यायची?

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा, बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट आणि साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर एवढंच लागतं. रिव्हर्स दिव्याच्या पॉझिटिव्ह वायरवरून घ्या, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. काळी वायर दिव्याच्या अर्थलाच जोडा. जवळचा कुठलाही रंगवलेला स्क्रू अर्थ म्हणून धरू नका, रंगातून वीज जात नाही. व्हिडिओ वायरबरोबर एक लाल बारीक वायर आलेली असते. ती मागे कॅमेऱ्याच्या पॉझिटिव्हला आणि पुढे स्क्रीनच्या ‘रिव्हर्स’ वायरला जोडायची, म्हणजे गिअर टाकला की स्क्रीन आपोआप बदलते.

वायरचा जोड डागायचा (सोल्डर करायचा) की दाबायचा, यावर वाद आहेत. हलणाऱ्या गाडीत डागलेली वायर डागाच्या कडेला ताठ होते आणि तिथेच तुटते. म्हणून थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) नीट पक्कडीने दाबा आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घाला. नुसती इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन घसरते.

कायम चालू असलेल्या वायरवर कॅमेरा टाकू नका. १०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, ६० च्या बॅटरीचा निम्मा साठा साधारण १२ दिवसांत जातो. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी असेल तर धक्का मारायची वेळ येणार.

गिअर टाकल्यावर चित्र लुकलुकतं. का?

नव्या गाड्यांत रिव्हर्स दिव्याला वीज संगणकामार्फत, तुटक स्पंदनांनी जाते. बल्बला फरक पडत नाही, कॅमेरा मात्र दरवेळी बंद-चालू होतो. उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्या विजेने चालू-बंद होणारा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे असतात: ८६ रिव्हर्स दिव्याला, ८५ अर्थला, ३० बॅटरीला २ अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ कॅमेऱ्याला. तरीही रिले टकटक करत असेल तर त्याच्या आधी कपॅसिटरवाला तयार फिल्टर लावा. तो कॅमेऱ्यांसाठी वेगळा मिळतो.

पुढे जातानाही मागचं बघायचं असेल तर?

चढावर गाडी अडकली, न्यूट्रलमध्ये मागे सरकतेय, किंवा मागच्या गाडीला दोर बांधलाय, अशा वेळी हे उपयोगाचं आहे. डॅशबोर्डवर स्विच लावा; त्याला चावी चालू असतानाच वीज मिळणाऱ्या फ्यूजमधून १ अँपिअरचा फ्यूज घालून वीज द्या आणि ती त्याच लाल बारीक वायरमध्ये पुढच्या बाजूने सोडा. पण नुसतं असं केलं तर वीज उलटी जाऊन रिव्हर्सचे दिवे पेटतात आणि फ्यूज उडतो. म्हणून वीज एकाच दिशेने जाऊ देणारे, १एन४००७ चे दोन डायोड: एक पुढे स्विचनंतर, एक मागे दिवा आणि कॅमेरा यांच्या मध्ये. दोन्हींची चंदेरी पट्टी कॅमेऱ्याकडे. रिले बसवला असेल तर मागचा डायोड ८७ नंतर घाला. ०.७ व्होल्टची घट होते, कॅमेऱ्याला चालते.

चित्र उलटं दिसतं. दोष कुणाचा?

बहुधा कुणाचाच नाही. आकाश खाली दिसत असेल तर कॅमेरा उलटा बसलाय. डावं-उजवं तपासायला कुणालातरी गाडीमागे ‘कोल्हापूर’ लिहिलेला कागद धरून उभं करा. स्क्रीनवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली पाहिजेत, म्हणजे उजवीकडचं उजवीकडे राहतं. अक्षरं सरळ वाचता आली तर कॅमेरा पुढच्या बाजूचा म्हणून चालतोय, आणि स्टिअरिंग नेमकं उलटं वळवलं जाईल. बऱ्याच कॅमेऱ्यांना वायरचे दोन छोटे फेरे असतात. एक कापला की आरसा बदलतो, दुसरा कापला की स्क्रीनवरच्या अंतर दाखवणाऱ्या रेषा जातात. कोणता कशाचा हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून आधी कागद वाचा, मग कात्री.

त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर किती विश्वास ठेवायचा?

सपाट जमिनीवर, जुळवून घेतल्यावर, बराच. घाटात आणि शेतात कमी.

आधी जुळवणी: पक्क्या सपाट जागेवर बंपरपासून ५० सेंमी, १ मीटर आणि ३ मीटरवर चुन्याच्या रेघा मारा, गाडीच्या रुंदीच्या दोन उभ्या रेघाही. मग कॅमेऱ्याची मान किंवा स्क्रीनच्या सेटिंगमधल्या रेषा त्यांच्याशी जुळवा. सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून घेतली किंवा टायर बदलले की पुन्हा.

आता चूक कुठे होते ते. रेषा गृहीत धरतात की मागची जमीन गाडीच्याच पातळीत पुढे जाते. मागे चढ असेल तर ३ मीटरच्या रेषेवर दिसणारा दगड प्रत्यक्षात त्याहून जवळ असतो. उतार असेल तर उलट, लांब. आणि लोंबणारी वस्तू तर सरळ फसवते. उसाच्या ट्रॉलीची चाकं रेषेनुसार दोन मीटर लांब दिसतात, पण बाहेर आलेले ऊस हवेत, कॅमेऱ्याच्या उंचीला असतात. जमिनीला टेकत नसल्यामुळे ते रेषेत मोजलेच जात नाहीत. काच फुटते ती अशी. अंधारात कारखान्याच्या आवारात किंवा रस्त्याकडेला ट्रॉल्या उभ्या असतील तर कॅमेरा बघा, आरसा बघा, आणि शंका आली तर उतरून बघा.

पाणी, चिखल आणि प्रेशर वॉश?

भिंगावरचा चिखल कोरड्या फडक्याने पुसू नका, त्यातला वाळूचा कण काच ओरबाडतो. आधी पाणी, मग मऊ कापड. थिनर, डिझेल, पॉलिश काहीही नको. वॉशिंग सेंटरवाल्याला नोझल हातभर लांब धरायला सांगा. पावसात थेंब चिकटतात म्हणून वर छोटी टोपी असलेला कॅमेरा घ्या, किंवा पत्र्याची करून घ्या.

भिंगाच्या आतून धुकं दिसू लागलं तर सील गेलंय. उन्हात ठेवून दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा येतं. बदला.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालावी का, हा प्रश्नही येतो. घालू नये. त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही.

रात्री काहीच दिसत नाही.

कॅमेऱ्याला उजेड लागतोच. भिंगाभोवतीचे चार एलईडी हातभर अंतरापुरते. साधा रिव्हर्स बल्ब २१ वॅटचा असतो, काळ्याकुट्ट पाणंदीत तो अपुरा पडतो. १८ वॅटचा एक रुंद पसरणारा एलईडी दिवा जोडा: १.५ अँपिअर ओढतो, त्याला रिले, ५ अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिमीची वायर. रिव्हर्स दिव्याच्या मूळ वायरवर थेट टाकू नका. दिवा भिंगाच्या बरोबर वर नको, बाजूला आणि थोडा मागे. नाहीतर पावसाचे थेंब उजळून स्क्रीन पांढरी होते.

चित्रात पट्टे फिरतात.

इंजिन बंद असताना नसतात आणि चालू केल्यावर येतात? मग अल्टरनेटरचा आवाज अर्थमधून शिरतोय. कॅमेरा आणि स्क्रीन यांचा अर्थ एकाच ठिकाणी घेऊन बघा. लाइट बार लावल्यावरच येत असतील तर व्हिडिओ वायर त्याच्या वायरपासून लांब न्या. दोन्ही करूनही राहिले तर व्हिडिओ लाइनवर आयसोलेटर (अर्थमधून येणारा आवाज अडवणारी डबी) लावतात, पण ती शेवटची पायरी.

कधी दिसतं, कधी ‘नो सिग्नल’. नवा कॅमेरा घ्यावा का?

आधी मल्टिमीटर घ्या. गिअर रिव्हर्सला टाकून कॅमेऱ्याच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. काहीच नाही आणि रिव्हर्स दिवाही पेटत नाही, तर दोष गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचचा. तो खाली असतो आणि चिखल-पाण्याने गंजतो. दिवा पेटतो पण कॅमेऱ्याला ११ व्होल्टपेक्षा कमी मिळतात, तर जोड किंवा अर्थ. व्होल्टेज पूर्ण आहे तर कपलर उघडून पिना बघा, हिरवट पावडर दिसली की तीच अडचण. मग दार हळूहळू उघडझाप करत स्क्रीन बघा. एवढं झाल्यावरच कॅमेरा काढून टेबलावर, वेगळ्या वायरने तपासा. कॅमेरा क्वचितच गेलेला असतो.

वायरलेस घेतला तर ही सगळी कटकट वाचेल?

वाचत नाही. कॅमेऱ्याला वीज लागतेच, म्हणजे मागची अर्धी वायरिंग तशीच. स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, मोबाइलचं वायफायही त्यावरच, चित्र अडखळतं. मागे जाताना अर्धा सेकंद जुनं चित्र बघणं हे काहीच न बघण्यापेक्षा वाईट. ट्रेलरला ठीक आहे.

वॉरंटी आणि नंबरप्लेट?

मूळ वायर कापली तर वॉरंटीत इलेक्ट्रिकल कामाचा वाद होऊ शकतो. गाडीच्या मॉडेलनुसार टी-हार्नेस मिळतो, तो दोन कपलरच्या मध्ये बसतो, कापाकापी नाही. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटला भोक पाडू नका, आणि तिचे लॉकही काढू नका, ते एकदाच वापरायचे असतात. कॅमेऱ्याची चौकट अक्षरांवर येत असेल तर ती चौकट सोडून द्या.

किती वेळ लागतो?

ब्रॅकेट तयार असेल तर दोघांना तीन ते चार तास. त्यातला पहिला अर्धा तास टेबलावर घालवा: कॅमेरा, वायर, स्क्रीन आणि बॅटरी जोडून चित्र येतं का बघा. ट्रिम उघडून, वायर ओढून, सगळं बसवल्यावर वायरच खराब निघाली तर दिवस जातो.

नंतर देखभाल काय?

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा. कपलर उघडून पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, ब्रॅकेटचे आणि स्टेपनीचे नट तपासणं, रबरी नळीत चीर पडलीय का ते बघणं. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर वीज देण्याआधी कपलर उघडून वाळवा. ओल्या पिनांत वीज सोडली की त्या तासाभरात काळ्या पडू लागतात.